ब्लॉक की चार्ज? नाशिकच्या कोर्टांवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शालेय बास्केटबॉल स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या सामन्यांत एक शिट्टी हमखास वाजते आणि कोर्टाच्या दोन्ही बाजूंना दोन पक्ष पडतात. मुलगा ड्रिबल करत आत घुसतो, समोर कोणीतरी येतं, दोघे आदळतात, एक जण सिमेंटवर बसतो. अर्धे पालक "ब्लॉक!" ओरडतात, अर्धे "चार्ज!". मग सामना संपल्यावर पार्किंगपर्यंत तोच विषय. असे वारंवार कानावर पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भारतात फिबाच्या (बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमांनी खेळतात, म्हणून उत्तरंही त्याच नियमांप्रमाणे आहेत. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं, एनबीएचं, वेगळं काय ते पुढे एका प्रश्नात येईल.

मुळात ब्लॉक कोणाचा आणि चार्ज कोणाचा?

बहुतेक वेळा ब्लॉक बचाव करणाऱ्यावर लागतो आणि चार्ज चेंडू घेऊन येणाऱ्यावर. समोरच्याच्या धडावर ढकलत किंवा घुसत जाणं हा चार्ज. बेकायदा संपर्क करून समोरच्याची वाट अडवणं हा ब्लॉक. दोन्हीत चेंडू हातात असलाच पाहिजे असं नाही, पण भांडणं चेंडूवाल्यावरूनच होतात.

डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथ यांनी हा खेळ सुरू केला, तेव्हाच्या १३ नियमांतल्या पाचव्याने खांद्याने धक्का देणं, धरणं, ढकलणं, पाय घालून पाडणं, मारणं हे सगळं बंद केलं होतं. म्हणजे "धडकलं कोण" हा वाद खेळाइतकाच जुना.

"सर, तो हलत होता ना! मग चार्ज कसा?"

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि सर्वांत जास्त गैरसमजही इथेच आहे. बचाव करणारा खांबासारखा स्तब्ध उभा असला तरच चार्ज मिळतो, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

नियम मागतो ती लीगल गार्डिंग पोझिशन, म्हणजे बचावासाठी नियमाने मिळवलेली जागा. ती घेण्यासाठी दोनच गोष्टी लागतात: चेंडूवाल्याकडे तोंड आणि दोन्ही पाय जमिनीवर. क्षणभर का होईना, या दोन्ही गोष्टी संपर्काआधी जमल्या की पोझिशन मिळाली. त्यानंतर बचाव करणारा ती टिकवण्यासाठी बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, जागच्या जागी सरळ वर उडी मारू शकतो. सरकताना एखादा पाय, किंवा दोन्ही पाय, क्षणभर उचललेले असले तरी चालतं. चालत नाही ते एकच: चेंडूवाल्याच्या अंगावर पुढे जाणं.

त्यामुळे असं होऊ शकतं की बचाव करणारी मुलगी तीन पावलं मागे मागे सरकत होती, चौथ्या पावलाला धडक झाली, आणि निर्णय चार्ज आला. तो बरोबर आहे. उलट एखादा मुलगा धडकेच्या वेळी अगदी पुतळ्यासारखा उभा होता, पण एक पाऊल उशिरा आला होता, तर तो ब्लॉक आहे. थांबलेला होता की नाही यापेक्षा, जागा नियमाने मिळवली होती की नाही आणि ती कधी मिळवली, हे पाहायचं. "जो मागून धडकला त्याची चूक" हा द्वारका चौकातला न्याय इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

आणखी एक: धडक बसणार हे दिसल्यावर बचाव करणारा आपल्या जागेतच वळला, अंग चोरलं, छातीसमोर हात आडवे घेतले, तर त्याने मिळवलेली पोझिशन जात नाही. स्वतःला वाचवण्याची मुभा नियमच देतो. "त्याने तोंड फिरवलं, म्हणून ब्लॉक" असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

समोर येऊन उभं राहायला किती वेळ आधी यावं लागतं?

चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर यायचं असेल तर वेळ आणि अंतर मोजत नाहीत. जमिनीवर असलेल्या चेंडूवाल्याने कोणीतरी समोर येणार हे धरूनच चालायचं असतं. समोरचा सेकंदाच्या काही भागाआधी जरी नियमाने उभा राहिला, तरी थांबायची किंवा दिशा बदलायची जबाबदारी चेंडूवाल्याची. "मला थांबायला वेळच मिळाला नाही" ही तक्रार म्हणूनच ऐकली जात नाही.

चेंडू नसलेल्या खेळाडूचं तसं नाही. तो चेंडूकडे बघत धावत असेल तर त्याच्या वाटेत ऐनवेळी उभं राहता येत नाही. त्याच्या वेगाप्रमाणे अंतर सोडावं लागतं आणि ते एका साध्या पावलापेक्षा कमी असू शकत नाही.

आणि उडी मारल्यानंतर?

इथे सगळं उलटतं. हवेत गेलेल्या खेळाडूला उडाला तिथेच परत उतरण्याचा हक्क आहे. दुसरीकडे उतरायचं असेल तर ती जागा आणि तिथपर्यंतची सरळ वाट तो उडाला त्या क्षणी रिकामी असली पाहिजे. रिकामी असेल तर नंतर कोणीही त्या वाटेत शिरायचं नाही.

एक प्रसंग सावकाश पाहू. डाव्या बाजूने पॉइंट गार्ड (संघाची चाल रचणारा खेळाडू) घुसतो. त्याच्यावरचा बचावपटू मागे पडलाय. बास्केटच्या पलीकडून उंच मुलगा मदतीला धावतो. गार्डने चेंडू दोन्ही हातांत घेतला, उजवं पाऊल, मग डावं पाऊल, आणि डावा पाय जमीन सोडतोय. त्याच क्षणी उंच मुलाचा उजवा पाय टेकलाय, डावा अजून बोटभर वर आहे. मग डावा टेकतो, छाती ताठ होते, हात वर जातात, आणि धडक. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत शेवटचं चित्र राहतं ते ताठ उभ्या मुलाचं. पण गार्डचा पाय सुटला तेव्हा याचा डावा पाय हवेत होता. ब्लॉक. तोच डावा पाय पापणी लवायच्या आत आधी टेकला असता तर चार्ज.

हवेतल्या माणसाच्या खाली मुद्दाम सरकणं हा तर साधा ब्लॉकही राहत नाही. संपर्क झाला तर तो सहसा अनस्पोर्ट्समनलाइक (खेळभावनेला सोडून केलेला) फाउल असतो, आणि प्रकार वाईट असेल तर खेळाडूला बाहेरही काढतात. ते योग्यच आहे, कारण असा खेळाडू पाठीवर किंवा डोक्यावर पडतो.

पंच इतक्या झटपट हे सगळं बघतात कसं?

चेंडू न बघता. नव्याने पंचगिरी शिकणाऱ्यांना आम्ही हेच पहिल्यांदा सांगतो आणि हेच अंगवळणी पडायला सर्वांत जास्त वेळ लागतो. चेंडूवाला काय करणार आहे ते साधारण माहीतच असतं: तो आत येणार, उडी मारणार. माहीत नसतं ते बचाव करणाऱ्याचं. त्याचे पाय कधी टेकले, तोंड कुठे होतं, तो पुढे आला की मागे गेला. म्हणून घुसणारा खेळाडू दिसला की नजर त्याच्या वाटेवरच्या बचावपटूवर टाकायची आणि धडक होईपर्यंत तिथेच ठेवायची. बचाव करणाऱ्याने काही चुकीचं केलं का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा. नसेल केलं आणि तरी तो उडवला गेला असेल, तर उत्तर आपोआप येतं.

प्रेक्षकांनी एखाद्या सामन्यात हा प्रयोग करून बघावा. चेंडूवरून नजर काढणं किती अवघड आहे ते कळेल, आणि पंचांवरचा रागही थोडा कमी होईल.

धडक छातीवर बसली की खांद्यावर, याने फरक पडतो?

बराच. संपर्क बचाव करणाऱ्याच्या धडावर झाला असेल तर तो तिथे आधी पोचला होता असं धरतात. चेंडूवाला बाजूने निसटत असताना याने कंबर, गुडघा किंवा खांदा बाहेर काढून अडवलं तर तो ब्लॉक, मग मुळातली पोझिशन कितीही नीट असो. चेंडूवाल्याचं डोकं आणि खांदे पुढे निघून गेले असतील आणि धडक बाजूने बसली असेल, तर बहुतेक वेळा बचाव करणारा उशिरा आलेला असतो.

"हात तर सरळ वर होते!" तरी फाउल?

प्रत्येक खेळाडूभोवती नियमाने एक काल्पनिक उभं सिलिंडर मानलेलं आहे. पुढे तळहातांपर्यंत, मागे कुल्ल्यांपर्यंत, बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. त्या सिलिंडरच्या आत, जमिनीपासून छतापर्यंतची जागा त्याची. तिथे सरळ वर उडी मारली आणि समोरचा येऊन आदळला, तर बचाव करणाऱ्याची चूक नाही.

मात्र "सरळ वर" असं ओरडणाऱ्या बऱ्याच जणांचे हात खरं तर पुढे कललेले असतात, किंवा उडी वर जाण्याऐवजी पुढे गेलेली असते. पोट पुढे काढून दिलेला धक्काही त्यातलाच, फक्त तो कडेवरून दिसत नाही. बेसलाइनवर (बास्केटमागच्या कडेच्या रेषेवर) उभ्या असलेल्या पंचाला दिसतो.

बास्केटखाली काढलेलं अर्धवर्तुळ कशासाठी?

ते नो-चार्ज अर्धवर्तुळ. फिबाने २०१० मध्ये आणलं. बास्केटच्या मध्याखालच्या बिंदूपासून रेषेच्या आतल्या कडेपर्यंत १.२५ मीटर त्रिज्या, आणि रेषासुद्धा त्या भागातच धरायची. घुसणारा खेळाडू चेंडूसह हवेत आहे, शॉट मारतोय किंवा पास देतोय, आणि बचाव करणाऱ्याचा एक जरी पाय त्या भागाला टेकलेला आहे, तर अशा धडकेला चार्ज देत नाहीत. बास्केटच्या अगदी खाली नुसतं उभं राहून चार्ज कमवायची सवय मोडावी, हा हेतू.

याचे काही बारकावे प्रशिक्षकांनाही चकवतात.

अर्धवर्तुळात चार्ज नाही, याचा अर्थ तिथे आपोआप ब्लॉक आहे असा नाही. बचाव करणाऱ्याने काहीच चुकीचं केलं नसेल तर शिट्टीच वाजत नाही, खेळ चालू राहतो. हा "शिट्टी नाही" निर्णय पालकांना सर्वांत जास्त खटकतो.

घुसणाऱ्याने कोपर मारलं, हाताने ढकललं, गुडघा उगारला, तर अर्धवर्तुळ त्याला वाचवत नाही. तो फाउल त्याचाच.

बेसलाइनने येऊन बोर्डाच्या मागच्या पट्ट्यातून आत उडी मारली, तर अर्धवर्तुळाचा नियम लागू होत नाही. तिथे नेहमीच्या नियमाने चार्ज मिळू शकतो. हे फार थोड्यांना माहीत असतं.

आणि चेंडू घेऊन जमिनीवरून, उडी न मारता, घुसणाऱ्यालाही हे कवच नाही.

आमच्या शाळेच्या कोर्टवर ते अर्धवर्तुळ रंगवलेलंच नाही. मग?

उघड्यावरच्या सिमेंटच्या कोर्टांवर हे नेहमीचं. कुठे जुन्या मापाची रेघ, कुठे दोन पावसाळ्यांत उडालेला रंग, कुठे काहीच नाही. नसलेल्या रेषेवर पाय होता की नव्हता हे कोणालाच सांगता येणार नाही. त्यामुळे सामन्याआधी पंच कॅप्टन आणि प्रशिक्षकांना भेटतात तेव्हाच विचारून घ्या: अर्धवर्तुळ धरणार आहात का, आणि कुठलं? आयोजकांनी सकाळी एक दोरी, एक खडू आणि दहा मिनिटं काढली तरी काम होतं. हॉलसाठी हजारो रुपये मोजणाऱ्या स्पर्धाही एवढं करत नाहीत, हे मात्र न पटणारं आहे.

चार्ज दिल्यावर बास्केट धरतात का? फ्री थ्रो मिळतात का?

चेंडू हातातून सुटायच्या आधी चार्ज झाला तर बास्केट नाही. चेंडू समोरच्या संघाला, बाहेरून टाकायला. हा चेंडूवर ताबा असलेल्या संघाचा फाउल, म्हणून समोरच्यांना फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे शॉट) मिळत नाहीत, त्या क्वार्टरमध्ये ४ सांघिक फाउल आधीच झालेले असले तरी. पण तो खेळाडूच्या ५ फाउलांत आणि संघाच्या फाउलांत मोजला जातो.

चेंडू हातातून सुटला, मग खेळाडू उतरताना बचाव करणाऱ्यावर आदळला, तर गोष्ट बदलते. शॉट सुटताच त्या संघाचा चेंडूवरचा ताबा संपतो. बास्केट झाली तर गुण धरले जातात, फाउल मात्र लागतो, आणि संघाचे ४ फाउल आधीच झाले असतील तर समोरच्याला २ फ्री थ्रोसुद्धा. टेबलवर बसणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावं, कारण स्कोअरशीटवर गोंधळ इथेच होतो. हवेत शॉटऐवजी पास दिला आणि मग धडकला तर ताबा संपत नाही, त्यामुळे फ्री थ्रोही नाहीत.

ब्लॉक झाला आणि शॉट मारायची क्रिया सुरू होती: बास्केट झाली तर ती धरून वर १ फ्री थ्रो, नाही झाली तर २, आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून असेल तर ३.

पडला म्हणजे फाउल झालाच ना?

नाही. सत्तर किलोचा मुलगा पंचेचाळीस किलोच्या मुलाला नियमात राहून आदळला तर हलका मुलगा पडणारच. आणि संपर्क किरकोळ असेल, त्याने कोणाचं काही नुकसान झालं नसेल, तर पंच खेळ चालू ठेवतात.

मुद्दाम पडणाऱ्यांचं वेगळं. हात पसरून, "आई गं" करत, मागे घसरत जाणारे आपल्याकडेही आहेत, विशेषतः कॉलेजच्या सामन्यांत. फिबाच्या नियमात खोटं पडण्याला आधी ताकीद आणि पुन्हा केलं तर टेक्निकल (गैरवर्तनाचा) फाउल आहे. नाटकाला आपल्याकडे दादही मिळते, हेच दुखणं.

एनबीएमध्ये तर वेगळं दिसतं?

दिसतं, कारण नियम वेगळे आहेत. तिथलं अर्धवर्तुळ ४ फुटांचं आहे, १९९७-९८ च्या हंगामापासून, आणि ते मदतीला आलेल्या बचावपटूसाठी आहे. फिबात मुख्य आणि मदतीचा असा भेद नाही. एनबीएमध्ये खेळाडू ६ फाउलांवर बाहेर जातो, आपल्याकडे ५. खोटं पडणाऱ्याला २०२३-२४ पासून तिथे थेट टेक्निकल लागतो आणि समोरच्याला एक फ्री थ्रो मिळतो.

यूट्यूबवर शोधायचंच असेल तर ३१ मे २०१८ चा फायनलचा पहिला सामना बघा, गोल्डन स्टेट विरुद्ध क्लीव्हलँड. ३६.४ सेकंद उरलेले, क्लीव्हलँड दोन गुणांनी पुढे. केविन ड्युरंट घुसला, लेब्रॉन जेम्स समोर आला, पंचांनी चार्ज दिला. मग लेब्रॉन अर्धवर्तुळाच्या आत होता का हे बघायला रिप्ले घेतला. तो बाहेरच होता, पण रिप्लेत तो नीट पोझिशनमध्ये नव्हता असं पंचांना दिसलं आणि निर्णय ब्लॉक झाला. ड्युरंटने दोन्ही फ्री थ्रो टाकून बरोबरी केली, सामना ओव्हरटाइमला गेला, गोल्डन स्टेटने १२४-११४ ने जिंकला. जगातले उत्तम पंच, डझनभर कॅमेरे, आणि तरीही एकाच धडकेवर दोन निर्णय. आपल्या पंचांकडे शिट्टी आणि दोन डोळे असतात.

दोन पंचांनी दोन वेगळे इशारे केले तर?

होतं असं, आणि झालं की प्रेक्षक आनंदाने चेकाळतात. उपाय साधा आहे. आधी फक्त मूठ वर करून घड्याळ थांबवायचं, मग सहकाऱ्याकडे एक नजर, त्याचाही हात वर असेल तर ज्याच्या भागात धडक झाली त्याला पुढे जाऊ द्यायचं. ब्लॉक-चार्जचा इशारा घाईने करणारा पंच स्वतःची आणि सोबत्याची दोघांची पंचाईत करतो. इशारे झालेच असतील तर दोघांनी जवळ येऊन एकच निर्णय ठरवावा.

इशारे ओळखायचे कसे?

दोन्ही हात कमरेवर: ब्लॉक. मूठ दुसऱ्या हाताच्या उघड्या तळव्यावर आपटली: चेंडूसह चार्ज. मूठ बांधून हात पुढचा खेळ ज्या बास्केटकडे जाणार तिकडे ताणला: ताबा असलेल्या संघाचा फाउल.

बचाव करणाऱ्याची पाठ होती आणि मागून येऊन कोणी आदळलं तर?

चार्ज. रिकाम्या जागेवर संपर्क न करता आधी जाऊन उभं राहिलेल्या कोणाचीही ती जागा असते, तोंड कुठेही असो.

लहान मुलांना चार्ज घ्यायला शिकवावं का?

आमचं मत: १४ वर्षांखाली आधी पाय शिकवा. सरकणं, मागे जाणं, तोंड चेंडूकडे ठेवणं. याच गोष्टींतून पुढे चार्ज मिळतो. अंगावर धडक घेऊन पडायचा सराव सिमेंटवर करून घेऊ नका. कोपर सोलून निघतं, मनगट टेकवून पडलं तर हाड जातं. पावसाळ्यानंतर कोर्टच्या कडेला शेवाळ धरलेलं असतं, तिथे तर नाहीच. मोठ्या मुलांना मॅटवर शिकवा: हनुवटी छातीला, हात अंगाजवळ, आधी कुल्ले टेकवून मागे घरंगळायचं, तळहात मागे टेकवायचे नाहीत.

निर्णय चुकीचा वाटला तर तक्रार करता येते का?

ब्लॉक की चार्ज हा पंचाच्या नजरेचा निर्णय आहे, त्यावर प्रोटेस्ट (अधिकृत तक्रार) होत नाही. प्रोटेस्ट गुणांची नोंद, घड्याळ, शॉट क्लॉक (शॉट मारायच्या मुदतीचं घड्याळ), खेळाडूची पात्रता अशा गोष्टींवर होतो, आणि तो कॅप्टनने सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत मुख्य पंचांना सांगून स्कोअरशीटवर सही करून नोंदवायचा असतो. बाबांनी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ घेऊन पंचांच्या टेबलाशी जाण्याने काही होत नाही. खेळ थांबलेला असताना कॅप्टनने "सर, त्याचे पाय टेकले होते का?" असं शांतपणे विचारलं, तर बहुतेक पंच काय दिसलं ते सांगतात.